इक्झोराची कोवळी पानं दर वर्षी पिवळी पडतात तेव्हा

जानेवारी संपत आला की सोसायटीच्या बागेत मला कुणी ना कुणी गाठतंच. "ताई, इक्झोरा परत पिवळा पडला. काय घालू?" गेल्या वर्षीही हाच प्रश्न होता, त्याच्या आदल्या वर्षीही. मग कुणी शेणखत घालतं, कुणी युरिया, कुणी एप्सम सॉल्ट, कुणी अंड्याची टरफलं कुस्करून. मे उजाडेपर्यंत शेंड्याची पानं पिवळ्याची पांढुरकी होतात, कडा करपतात. जूनमध्ये चार पाऊस चांगले झाले की नवी पालवी हिरवी येते आणि ज्याने शेवटचं काही घातलं त्याच्या औषधाचं नाव होतं. पुढच्या जानेवारीत पुन्हा तेच.

पुण्यात मीही सहा वर्षं असंच करत होते. त्यात तीन झाडं गेली. माझं माहेर कुडाळजवळचं. तिथे हेच झाड व्हाळाच्या कडेला, करवंदीच्या जाळीशेजारी आपलं आपण वाढतं. कुणी त्याला बकोरा म्हणतं, कुणी पेंटगूळ, गोव्याकडे पिटकोळी. लाल तुऱ्यातलं एकेक फूल उपटून त्याच्या बारीक नळीतला गोड थेंब चोखणं आणि पिकलेली काळपट फळं खाणं हा आमचा लहानपणीचा उद्योग. आषाढ-श्रावणात त्या झाडांच्या मुळांशी आठवडेच्या आठवडे पाणी खेळत असतं, पण पानं अशी गर्द हिरवी आणि चकचकीत की तेल लावल्यासारखी. आजीला मी एकदा फोनवर माझ्या झाडांचं रडगाणं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अगो, तेका काय व्हया? पानी नि पाचोळो."

पाणी मी रोज घालत होते. ते पाणी कसलं होतं, तिकडे मात्र माझं लक्षच नव्हतं. सगळी गोम तिथेच होती.

आधी कोणतं पान पिवळं आहे ते बघा

कुठलंही खत आणायच्या आधी झाडासमोर दोन मिनिटं उभं राहा. पिवळेपणा शेंड्याकडच्या नव्या पानांवर आहे की बुडाकडच्या जुन्या पानांवर? निम्मं निदान इथेच होतं.

नवं पान खुडून उजेडासमोर धरा. पान पिवळं, पण त्यातल्या शिरा मात्र हिरव्या, अगदी बारीक उपशिरांपर्यंत, जणू पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याची जाळी विणलीय, असं दिसलं तर झाडाला लोह मिळत नाहीये. लोह पानात एकदा बसलं की तिथून सहजी हलत नाही, त्यामुळे जुनी पानं हिरवीच राहतात आणि उपासमार नव्या पालवीची होते. उसाच्या पट्ट्यातले शेतकरी "ऊस केवडा पडला" म्हणतात, तो आजार हाच.

याउलट जुनी पानं सरसकट फिकी होऊन गळत असतील तर नत्र कमी पडतंय, तिथे शेणखत किंवा पेंड खरोखर उपयोगी पडते. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी, तिथे एप्सम सॉल्ट चालतं. जुन्या पानांवर जांभळट-तपकिरी ठिपके दिसले तर पालाश (पोटॅशियम) कमी असण्याची शक्यता जास्त. थंडीतही इक्झोराची पानं तांबूस डागाळतात. पुण्यात रात्रीचं तापमान दहाच्या खाली जातं तेव्हा हे दिसतं आणि फेब्रुवारीत थांबतं, त्याला औषध नको.

ज्यांची तक्रार पुन्हा पुन्हा येते त्यांच्या झाडांवर बहुतेक वेळा मला हिरव्या जाळीचं पिवळं पानच सापडलंय. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

मातीत लोह भरपूर आहे

हे ऐकून मला धक्का बसला होता. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यात वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त लोहाची ऑक्साइडं असतात. म्हणजे आपली काळी माती लोहाने गरीब नाही. पण मुळांना ते लोह पाण्यात विरघळलेलं लागतं, आणि ते विरघळणं ठरतं मातीच्या सामूवर, म्हणजे पीएचवर: आकडा जितका कमी तितकी माती आंबट. सामू एका अंकाने वर गेला की द्रावणातलं फेरिक, म्हणजे गंजातलं, लोह हजार पटीने घटतं. कोकणातल्या जांभ्याच्या मातीचा सामू साधारण ५ ते ६.५ असतो, आमच्याकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीचा ७.५ ते ८.५. इक्झोरा कॉफीच्या कुळातलं झाड आहे आणि कॉफीसारखंच त्याला आंबट माती लागते. भरल्या ताटासमोर हात बांधून बसवावं, तशी त्याची इथे गत होते.

म्हणूनच मातीत गंजलेले खिळे पुरायचा जुना उपाय लागू पडत नाही. गंज म्हणजे पुन्हा तेच न विरघळणारं लोह. अंड्याची टरफलं आणि चुलीतली राख तर उलट काम करतात, दोन्ही मातीचा आंबटपणा मारतात. हाडांचा चुरा आणि डीएपी खत यांतलं स्फुरद (फॉस्फरस) लोहाला धरून ठेवतं, म्हणून फुलांसाठी म्हणून ते घालणाऱ्यांची झाडं आणखी पिवळी पडतात.

माती परीक्षणाच्या अहवालात लोह "पुरेसं" आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. त्यातले सामू आणि मुक्त चुना हे दोन रकाने आधी वाचा. कृषी विज्ञान केंद्रात ही तपासणी होते. तेवढंही करायचं नसेल तर वाळलेल्या मातीच्या चमचाभर ढेकळावर पांढरं व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या. सोडा फसफसल्यासारखा आवाज आला, बुडबुडे दिसले, तर मातीत चुना आहे.

कधी पिवळं पडतं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा

मला उत्तर सापडलं ते या नोंदींतून. गच्चीवरच्या कुंड्या जानेवारी ते मे पिवळ्या असायच्या आणि पावसाळ्यात हिरव्या. कंपाउंडच्या भिंतीलगतचं कुंपण मात्र नेमकं उलटं: उन्हाळ्यात बरं, ऑगस्टमध्ये पिवळं. झाड एक, रोग एक, आणि वेळ वेगळी. दोन्हीकडे कारण वेगळ्या वाटेने येत होतं.

कुंडीतली गोष्ट पाण्याची होती. आमच्याकडे पावसाळ्यानंतर बोअरचं आणि टँकरचं पाणी सुरू होतं. खडकवासल्याचं धरणाचं पाणी मऊ आहे, बोअरचं जड. जड पाण्यात बायकार्बोनेट असतं, तेच जे गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडावर पांढरं साचतं. रोज लिटर-दोन लिटर असं पाणी म्हणजे कुंडीला रोज चिमूटभर चुना. नोव्हेंबरपर्यंत पावसाने धुतलेली माती जानेवारीपर्यंत पुन्हा चुनकट होते. त्यात थंडीने मुळं सुस्तावलेली असतात, आणि पहिली पिवळी पालवी दिसते.

आणि माझी सगळ्यात मोठी चूक: पाणी वाया जाऊ नये म्हणून मी आरओ फिल्टरच्या टाकाऊ नळीचं पाणी बादलीत धरून याच झाडांना घालत होते. हे घराघरांत चालतं आणि हेतू चांगलाच असतो. पण हिशेब बघा. फिल्टरने निम्मं पाणी गाळून घेतलं, तर सगळ्या पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या निम्म्यात उतरतात. म्हणजे बोअरच्या पाण्याच्या दुप्पट जड पाणी. त्याने फरशी पुसा, संडासात ओता, पण इक्झोरा, अनंत, मोगरा यांना ते दाखवूही नका.

ओली जमीन: कोकणात वरदान, इथे घात

आता भिंतीलगतच्या कुंपणाचं. "इक्झोराला ओलावा आवडतो" हे वाक्य रोपवाटिकेत सगळे सांगतात आणि ते खरं आहे. पण ओलावा कुठल्या मातीत, हे कुणी सांगत नाही.

माहेरच्या व्हाळाच्या कडेला श्रावणात बघा. साचलेल्या पाण्यावर गंजाच्या रंगाची, नारिंगी साय धरलेली असते. तिच्यात बोट घातलं तर ती तेलासारखी एकसंध राहत नाही, तुकडे तुकडे होऊन फाटते. ते लोह आहे. पाणी भरलेल्या आंबट मातीत हवा संपते, लोहाचं रूप बदलतं, ते विरघळतं आणि मुळांना आयतं मिळतं. वर हवा लागली की पुन्हा गंज होऊन तरंगतं. म्हणजे तिथे पाण्यात उभं राहणं झाडाच्या फायद्याचं आहे.

चुनखडीच्या मातीत पाणी साचलं की मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही. तो पाण्यात मिसळतो, चुना थोडा थोडा विरघळवतो आणि मुळांभोवती बायकार्बोनेटचा काढा तयार होतो. लोह तिथेच कोंडून बसतं. म्हणून आमचं कुंपण भर पावसात पिवळं पडायचं. त्यात बांधकाम संपल्यावर बिल्डरच्या माणसांनी भिंतीलगत राडारोडा दाबून वर चार बोटं माती पसरली होती. आम्ही खणलं तेव्हा वीतभर खाली सिमेंटचे गठ्ठे, गिलाव्याचे पापुद्रे आणि विटांचे तुकडे लागले. माळीकाका कुदळ टेकून म्हणाले, "ताई, झाड नाही चुकलं, जागा चुकली." नऊ झाडांच्या मुळ्या त्या गिलाव्याला वळसे घालून बाजूलाच पसरल्या होत्या.

खात्री करायची एक सोपी परीक्षा

किराणा किंवा काष्टौषधीच्या दुकानात हिराकस मिळतं, म्हणजे फेरस सल्फेट. खडे हिरवट, ओलसर असावेत. तपकिरी झालेलं हिराकस घेऊ नका, त्यातलं लोह आधीच गंजलंय. लिटरभर पावसाच्या किंवा आरओच्या गाळलेल्या पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, मग ३ ग्रॅम हिराकस, आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब. बोअरच्या पाण्यात हेच केलंत तर द्रावण काही वेळात चहासारखं गढूळ होतं आणि फुकट जातं.

एका पिवळ्या पानाचा निम्मा भाग, शिरेच्या डावीकडचा, ब्रशने या द्रावणाने रंगवा. संध्याकाळी. त्याला दोरा बांधून ठेवा. आठ-दहा दिवसांनी मी बघितलं तेव्हा ते पान अर्धं हिरवं आणि अर्धं पिवळं होतं, मधली शीर सीमेसारखी. बाजूच्या पानावर ब्रशचे शिंतोडे उडाले होते तिथे तिथे मोहरीएवढे हिरवे ठिपके उमटले होते. इतकं स्पष्ट उत्तर मला कुठल्याही अहवालाने दिलं नव्हतं. रंगवलेला भाग हिरवा झाला नाही तर कारण लोह नाही. मग मँगनीज कमी आहे का ते बघा, किंवा मुळांकडे वळा.

आत्ताची आग विझवायला

पान हिरवं झालं तर तेच द्रावण आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा सगळ्या नव्या पालवीवर, पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारा. भर उन्हात फवारलं तर पान करपतं. फरशीवर आणि पांढऱ्या भिंतीवर हिराकसचे गंजाचे डाग पडतात आणि ते सहज निघत नाहीत, म्हणून कुंडी बाजूला घेऊन फवारा.

मातीतून द्यायचं तर हिराकसचा चुनखडीत उपयोग नाही, ते तासाभरात अडकतं. तिथे चिलेट, म्हणजे लोहाला धरून पाण्यात विरघळलेलं ठेवणारं रसायन, लागतं, आणि चिलेटमध्येही फरक आहे. दुकानदार बहुधा १२ टक्क्यांचं ईडीटीए देतो, कारण ते स्वस्त. पण साडेसहाच्या वरच्या सामूत ते लोह सोडून चुन्याला धरतं. फवारणीला ते ठीक. मातीसाठी ईडीडीएचए मागा, ६ टक्के लोहाचं. ते नऊच्या आसपासच्या सामूतही टिकतं. पाण्यात घातलं की गडद वाइनसारखा लाल रंग येतो. गुडघ्याएवढ्या झाडाला चहाचा सपाट चमचा पुरे, पाकिटावरचं प्रमाण वाचून. उजेडाने ते खराब होतं, म्हणून वर भुरभुरून ठेवू नका, पाण्यात विरघळवून मुळांपर्यंत जाऊ द्या. महाग आहे, पण वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि मार्चमध्ये, एवढंच लागतं.

हे सगळं करूनही पाणी आणि माती तीच राहिली तर पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा इथेच असाल. मी दोन वर्षं होते.

मुळातून बदल

कुंडी असेल तर माती बदला. चुनखडीची माती गंधक घालून आंबट करायच्या भानगडीत पडू नका. १० किलो मातीत १० टक्के चुना असेल तर तो १ किलो झाला, आणि १ किलो चुना संपवायला जवळपास ३२० ग्रॅम गंधक लागतं. तेवढं गंधक एका कुंडीत घातलं तर तयार होणाऱ्या क्षारांनी झाडच मरेल. त्यापेक्षा नवी भरणी सोपी: दोन भाग कुजलेल्या पाल्याचं खत, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जांभ्याची माती. "लाल माती" म्हणून पोत्यात जे मिळतं ते जांभ्याचंच असेल असं नाही. रंगावर जाऊ नका, व्हिनेगरचा थेंब टाकून मगच विकत घ्या. अशा चुना नसलेल्या भरणीत मात्र वर्षातून एकदा चमचाभर गंधक उपयोगी पडतं, कारण जड पाण्याने चढणारा सामू ते हळूहळू उतरवतं. जिवाणूंमार्फत काम होतं, त्यामुळे दोन-तीन महिने धीर धरावा लागतो.

पाण्यासाठी छपराचा हिशेब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर वीस मिलिमीटरची एक सर २०० लिटरचं पिंप भरते. झाकण घट्ट हवं आणि तोंडाला मलमलचं फडकं, नाहीतर डास होतात. हे पाणी मी ऑक्टोबरनंतर बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून वापरते. एसीचं ठिबकणारं पाणीही जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते इक्झोरासाठीच राखून ठेवलंय. फक्त बोअरचंच पाणी असेल तर लिटरला पाव ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत अर्धा चमचा. याने तात्पुरतं बरं वाटतं, पण मातीतले जिवाणू सायट्रिक ॲसिड खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट परत येतं. म्हणून मी याला पहिला पर्याय म्हणत नाही.

जमिनीत लावायचं तर काळ्या मातीत खड्डा खणून त्यात चांगली माती भरू नका. चहूकडून पाणी त्या खड्ड्यात येऊन बसतं आणि सोबत चुना आणतं. आम्ही भिंतीपासून दोन फूट सोडून, राडारोडा काढून, जमिनीच्या वर दीड फुटाचा वाफा केला. विटा सिमेंटने न जोडता नुसत्या रचल्या. वरून चार बोटं पाल्याचं आच्छादन. आजीचा पाचोळा तो हाच. कुजणाऱ्या पाल्यातून निघणारी आम्लं लोहाला धरून मुळांपर्यंत नेतात, फुकटचं चिलेटच ते. जुलैत आच्छादन बसून पातळ होतं, तेव्हा पुन्हा भर घालायची. सोसायटीत झाडून पोत्यांत भरून फेकला जाणारा पाला आता माळीकाका थेट वाफ्यावर आणतात.

कात्रीचंही सांगते. पानं हिरवी झाल्यावर लोक कुंपण सपाट करायला धावतात आणि मग फुलंच नाहीत म्हणून विचारतात. इक्झोराचा तुरा फांदीच्या टोकाला येतो. दर महिन्याला टोकं छाटलीत तर कळ्याच कचऱ्यात जातात. मोठी छाटणी वर्षातून एकदा, पहिल्या पावसाच्या आधी करा. पांढऱ्या पडलेल्या, करपलेल्या फांद्यांची टोकंही तेव्हाच काढा, ती पानं पुन्हा हिरवी होत नाहीत.

आणि हे सगळं करून, तीन महिने वाट बघून, पालवी तरीही पिवळीच येत असेल तर झाड हलक्या हाताने उपटून मुळं धुवा. मुळांवर साबुदाण्यासारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, आहेत. असं मूळ लोह असूनही शोषू शकत नाही. कुंडीतलं असेल तर ती भरणी दुसऱ्या कुठल्याही झाडाला न वापरता काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून एप्रिल-मेच्या उन्हात महिनाभर तापवा. जमिनीतलं असेल तर त्या जागी वर्षभर झेंडू लावा आणि नवा इक्झोरा दुसऱ्या वाफ्यात, मूठभर निंबोळी पेंड घालून.